किचन करायला घेताय? आधी ओटा, मग ट्रॉल्या

फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिला फोन मॉड्युलर किचनवाल्याला जातो, आणि तोही आला की लगेच ॲक्रिलिक घेणार का लॅमिनेट, रंग कुठला, हँडल कसली हेच दाखवायला लागतो. हे सगळं शेवटी हो. शटर काय, पुढेमागे बदलता येतात, पण ओटा एकदा बसला की संसार त्याच्याशीच. मी इथे बिल्डर देतो तसं साधारण ८ बाय ८ चं किचन, एल आकाराचा ओटा आणि बाजूला ड्राय बाल्कनी असं धरून लिहितेय, तुमचं थोडं इकडेतिकडे असेल तर तसं बदलून घ्या.

पहिल्यांदा उंची. गवंडी कोणाला न विचारता ३२-३३ इंच धरून मोकळा होतो. तसं करू देऊ नका. घरात जो कोणी रोज जास्त वेळ ओट्याशी उभा राहणार आहे त्याने सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करायचे, ती ढोबळ उंची. पण पोळ्या लाटायला वरून जोर द्यावा लागतो, पोळपाट स्वतःच थोडा उंच असतो, आणि गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की कढई अजून वर जाते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. घरातल्या टेबलावर पोळपाट ठेवा, खाली पेपरचे गठ्ठे कमीजास्त करा आणि खरंच चार पोळ्या लाटून बघा. खांदे वर उचलले जात असतील तर जास्त झालं, कंबर वाकत असेल तर कमी. आणि जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स टाकणार असाल तर ही उंची नव्या फरशीपासून मोजायची, नाहीतर ओटा तेवढा बुटका होतो.

आता मांडणी. ते वर्क ट्रँगलचं सगळीकडे वाचायला मिळतं, फ्रिज, सिंक आणि गॅस यांच्या मधल्या तीन अंतरांची बेरीज १३ ते २६ फूट असावी वगैरे. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हे काम झालं, तिकडच्या मोठ्या किचनला ठीक आहे. आपल्या ८ बाय ८ मध्ये सगळं हाताशीच असतं, त्रिकोण कसला घेऊन बसलाय. आपल्याकडे भांडण असतं ते सिंक आणि गॅसच्या मधल्या मोकळ्या ओट्यावरून. भाजी धुतली, तिथेच चिरली, तिथेच परात ठेवून कणीक मळली, तिथेच पोळपाट, सगळं त्या एका पट्ट्यात चालतं. तिथे निदान अडीच-तीन फूट सलग मिळालेच पाहिजेत, आणि मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यातलं काहीही त्या पट्ट्यात येऊ द्यायचं नाही.

गॅसच्या दुसऱ्या बाजूलाही फूटभर जागा सोडा. शेगडी भिंतीला चिकटवली की कढईचा कान भिंतीला लागतो, गरम तवा उतरवायला जागा राहत नाही आणि पोळ्यांचा डबा मग कुठेतरी मागे. एकटी बाई लाटते पण आणि भाजते पण, तेव्हा पोळपाट आणि तवा शेजारी शेजारी, पिठाचा डबा हाताच्या अंतरावर, तव्यापलीकडे पोळीचा डबा, असं बसलं की पाय हलवायला लागत नाहीत.

सिंक हलवायचा मोह होतो पण ते अवघड प्रकरण आहे, सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो, लांब नेलं की तुंबतं. त्यापेक्षा शेगडी सरकवा. पाइप गॅस असेल तर मात्र लाइन कंपनीच्याच माणसाकडून हलवून घ्या. वास्तूचं म्हणाल तर गॅस आग्नेयेला आणि पाणी ईशान्येला सहज बसत असेल तर उत्तम, घरातल्या मोठ्यांचंही समाधान, पण त्यासाठी मधल्या जागेचा बळी देऊ नका असं माझं स्पष्ट मत.

भांडी ड्राय बाल्कनीत घासली जात असतील तर घासलेली ओली भांडी येणार कुठे ते आत्ताच ठरवा. नाहीतर रोज ती टोपली ओट्यावर येऊन बसते आणि तुमचे तीन फूट गेले! सिंकच्या वर, खालून उघडी जाळी लावली की पाणी सिंकमध्येच गळतं.

ट्रॉल्यांची ऑर्डर देण्याआधी घरातली भांडी जमिनीवर मांडा आणि टेप घेऊन बसा. कुकर शिट्टीसकट मोजा, परातीचा व्यास मोजा, सगळ्यात उंच डबा मोजा. कॅटलॉगमधल्या ट्रॉलीची बाहेरची उंची आणि आत मिळणारी उंची यात फरक असतो, तो विचारून घ्या. चमचे, ताटं-वाट्या आणि मिसळणाचा डबा गॅसजवळच्या वरच्या ट्रॉल्यांत, जड कुकर-पातेली खालच्या. एलच्या कोपऱ्यात ते महागडं फिरतं प्रकरण घ्यायला सांगतील, मी तरी नको म्हणेन, तिथे मोदकपात्र, पुरणयंत्र, दिवाळीची मोठी कढई असलं वर्षातून चारदा लागणारं सामान टाकायचं. सिंकखाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, अजिबात नको, पाणी लागलं की फुगतं. तिथे मरीन प्लाय नाहीतर साधे कडाप्प्याचे कप्पे, स्वस्त आणि टिकाऊ. ओट्याला वरून मात्र ग्रॅनाइटच घ्या, मार्बल आणि कडाप्प्यावर लिंबू-चिंचेचे डाग पडतात ते जात नाहीत.

सिलेंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर तो उभाच पाहिजे, रेग्युलेटरला हात पोचला पाहिजे, आणि त्या शटरला तळाशी जाळी ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. पाइप गॅस हलका, तो वर जातो, म्हणून तिथे हवा जायची वाट वरच्या बाजूला हवी.

चिमणी शेगडीच्या वर साधारण २६ ते ३० इंच. तिचा पाइप जितकी वळणं घेईल तितकी ओढ कमी, म्हणून बाहेरच्या भिंतीला जवळ असेल अशी जागा बघा. चिमणी नकोच असेल तर निदान चांगला एक्झॉस्ट, नाहीतर फोडणीचा तेलकट थर वरच्या कपाटांवर बसतोच.

लाइटचे पॉइंट टाइल्स लागायच्या आधी. फ्रिज, ओव्हन यांना वेगवेगळे १६ अँपिअरचे, मिक्सरला सिंकपासून लांब ६ चा, आणि एक-दोन जास्तीचे काढूनच ठेवा, उद्या एअर फ्रायर येणारच आहे घरात. छतावरची ट्यूब आपल्या पाठीमागे येते आणि चिरताना आपलीच सावली विळीवर पडते, तेव्हा वरच्या कपाटाच्या खालून एलईडी पट्टीची वायर काढून घ्या. आणि फ्रिज भिंतीला अगदी चिकटवू नका, दार पूर्ण उघडलं नाही तर आतला भाजीचा ड्रॉवर बाहेर येत नाही. त्याची जागा ठरवताना दार कुठल्या बाजूला उघडतं तेही इलेक्ट्रिशियन यायच्या आधी बघून ठेवा, पॉइंट त्याप्रमाणेच काढायचाय.