भयपट आणि विज्ञानपट दुसऱ्याला सुचवावेत कसे

‘एखादा चांगला भयपट सांगा’ असे कोणी म्हटले की चाहते हमखास दहा-पंधरा नावांची यादी पुढे करतात. यादी करायला वेळ लागत नाही. मात्र त्यातला कोणता चित्रपट विचारणाऱ्याने बघावा आणि कोणत्याच्या वाटेला जाऊ नये, हे त्या यादीतून कळत नाही. विनोदी चित्रपट सुचवताना अंदाज चुकला तर फार तर दोन तास वाया जातात. भयपटाच्या बाबतीत अंदाज चुकला, तर समोरच्याची झोप उडते किंवा तो अर्ध्या तासात उठून जातो आणि तुमच्या सांगण्यावरून पुन्हा काही बघत नाही. विज्ञानपट सुचवण्यातही अशीच जोखीम असते. फरक इतकाच, की तिथे भीतीची जागा कंटाळा घेतो. म्हणून नाव सुचवण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी करावी.

आधी माणूस समजून घ्यावा

विचारणाऱ्याला दोन प्रश्न करावेत. अलीकडे पाहिलेला कोणता भयपट आवडला आणि कोणता अर्ध्यावर सोडला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगी असते, कारण ‘मला हॉरर आवडते’ या वाक्यातून काहीच निश्चित होत नाही. कोणाला अचानक दचकवणारे प्रसंग हवे असतात, कोणाला हळूहळू चढत जाणारी अस्वस्थता. रक्तपात खुशाल बघणारा माणूस लहान मुलावर संकट आले की मान फिरवतो, आणि भुतांना हसणाऱ्याला बंदिस्त जागेची धडकी भरते.

समजा उत्तर ‘तुंबाड’ (२०१८) असे आले. लगेच निष्कर्ष काढू नये; त्यात नेमके काय भावले ते विचारावे. कोकणातला न थांबणारा पाऊस, जुना वाडा आणि लोककथेचा बाज असे उत्तर मिळाले, तर मल्याळम ‘भ्रमयुगम्’ (२०२४) निर्धास्त सुचवावा. तिथेही पाऊस आहे, मोडकळीला आलेले घर आहे, आणि भुकेल्या पाहुण्याला फाशांच्या खेळाला बसवणारा यजमान आहे. मात्र चित्रपट संपूर्ण कृष्णधवल आहे आणि बहुतेक सगळा काळ मोजक्या पात्रांबरोबर त्या एकाच घरात जातो, हे आधीच सांगून ठेवावे. याउलट ज्याला राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (२००३) आवडला, त्याला बहुधा मुंबईतला फ्लॅट, लिफ्ट, रिकामा जिना अशा रोजच्या जागांमधली भीती आवडलेली असते. त्याला वाड्यात नेऊन बसवले तर तो जांभया देईल.

ज्याने भयपट फारसे पाहिलेलेच नाहीत, त्याला वाचनाबद्दल विचारावे. मराठी वाचकाच्या बाबतीत ही युक्ती चांगली लागू पडते. नारायण धारपांच्या समर्थकथांवर वाढलेल्या वाचकाला अमंगळाशी सामना करणारा कोणीतरी समर्थ लागतो, आणि शेवटी घडी पुन्हा बसलेली हवी असते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ज्याला प्रिय आहेत, त्याला शेवट अर्धवट उघडा राहिलेला चालतो, किंबहुना तोच हवा असतो.

आपले मत प्रसंगावर उभे करावे

चित्रपट संपल्यावर दुसऱ्यांची मते वाचण्याआधी आपली चार वाक्ये लिहून ठेवावीत. ‘भन्नाट’, ‘जबरदस्त’, ‘डोक्यावरून गेला’ हे शब्द उत्साहात तोंडी येतात, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यांतून काही लागत नाही. पाचपैकी साडेतीन तारे हाही असाच आकडा आहे. दोघांचे साडेतीन दोन वेगळ्या कारणांसाठी असू शकतात. त्यापेक्षा एक प्रसंग निवडावा आणि पडद्यावर काय दिसते, काय ऐकू येते, ते सांगावे.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) बद्दल बोलताना अनेकजण थेट त्या प्राण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात जेवणाच्या टेबलापासून करावी. दीर्घ निद्रेतून उठलेले मालवाहू यानावरील सात कर्मचारी जेवत असतात, सिगारेट ओढत असतात, आणि त्यांतले दोन यंत्रकामगार आपला बोनसचा वाटा इतरांपेक्षा कमी का, यावर कुरकुर करत असतात. अंतराळात घडणारा हा चित्रपट कारखान्यातल्या पाळीसारखा सुरू होतो. एवढे सांगितले की चित्रपटाची गती, त्यातली माणसे आणि पुढे त्यांच्याबद्दल काळजी का वाटते, हे सारे ऐकणाऱ्याच्या लक्षात येते, आणि कथानकातले काहीही फुटत नाही.

काय सांगावे, काय झाकावे

‘शेवट बघून थक्क व्हाल’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण रहस्यभेदाचे अर्धे काम तेच करते. शेवटी काही उलटणार आहे हे कळले, की प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून कथेऐवजी कोडे बघू लागतो. ‘सायको’ (१९६०) प्रदर्शित झाला तेव्हा हिचकॉक यांनी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही चित्रपटगृहात सोडू नये असा नियम घातला होता. शिफारस करणाऱ्याला निदान तोंड आवरता यावे. साधा दंडक असा ठेवावा, की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जे उघड होते तेच सांगावे. कलाटणीचे नावही काढू नये.

पूर्वसूचना मात्र द्यावी, आणि ती गुपित न फोडता देता येते. मराठी ‘लपाछपी’ची नायिका गरोदर आहे आणि उसाच्या फडांनी वेढलेल्या आडरानातल्या घरात ती राहायला येते, हे सुरुवातीलाच कळते. गरोदर स्त्रीला किंवा नुकताच गर्भपाताचा आघात सोसलेल्या कोणाला हा चित्रपट सुचवू नये, एवढे म्हटले तरी पुरते. पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही. प्रमाणपत्रावरचा वयोगट बघावा, पण त्यावर विसंबून राहू नये. ‘यूए १६+’ या खुणेवरून वय कळते. त्यात किळस किती, आत्महत्येचा प्रसंग आहे का, कुत्रा मरतो का, हे कळत नाही. कुत्र्याचा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो विचारणारे पुष्कळ असतात आणि त्यांना सरळ उत्तर द्यावे.

विज्ञानपटाची वेगळी कसोटी

विज्ञानपटावर मत देताना ‘विज्ञान चुकले’ आणि ‘कथेने स्वतःचेच नियम मोडले’ या दोन तक्रारी वेगळ्या ठेवाव्यात. पहिली बहुधा क्षम्य असते. निर्वात अवकाशात आवाज पोहोचत नाही, तरी असंख्य चित्रपटांत स्फोट गडगडतात आणि त्याने फारसे बिघडत नाही. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने (१९६८) मात्र यानाबाहेरच्या दृश्यांत हा आवाज काढून टाकला आणि अंतराळवीराचा श्वास तेवढा ऐकवला, शास्त्रशुद्धतेतून भीती निर्माण होते ती अशी. दुसरी तक्रार गंभीर आहे. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, हा हिशेब एकदा मांडल्यावर चित्रपट त्याची किंमत पात्रांकडून वसूल करतो. असा हिशेब जो चित्रपट सोयीनुसार विसरतो, त्याच्या शिफारशीत ते नोंदवावे.

चित्रपट प्रेक्षकाकडून किती कष्ट मागतो, हेही सांगावे. ‘प्रायमर’ (२००४) जेमतेम ७७ मिनिटांचा आणि सुमारे ७,००० डॉलरमध्ये तयार झालेला कालप्रवासपट आहे; त्यातले अभियंते एकमेकांशी अभियंत्यांसारखेच बोलतात आणि प्रेक्षकाला समजावून सांगायला कोणी थांबत नाही. पुन्हा बघण्याची तयारी असलेल्यालाच तो सुचवावा. रविवारी दुपारी घरच्यांना एकत्र बसवून लावण्याचा तो चित्रपट नव्हे.

आवृत्ती आणि भाषा

‘ब्लेड रनर’ बघ, एवढे सांगून भागत नाही. १९८२ च्या मूळ प्रदर्शनात नायकाचे निवेदन आणि जोडलेला सुखान्त होता. १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही गेले, आणि २००७ ची ‘फायनल कट’ दिग्दर्शकाने स्वतः सिद्ध केली. कोणती आवृत्ती बघायची ते सांगावे. मी शेवटची सांगतो. सबटायटलबाबतही विचार करावा. ज्याला ती भरभर वाचण्याची सवय नाही, त्याची नजर पडद्याच्या तळाशी अडकते आणि भयपटात नेमके महत्त्वाचे काही मागच्या दारात घडत असते. कोरियन ‘द वेलिंग’ (२०१६) १५६ मिनिटे चालतो. अशा प्रेक्षकाची सुरुवात तिथून करून देऊ नये.

हे सगळे एकत्र आणल्यावर शिफारस साधारण अशी दिसते : ‘अंडर द शॅडो (२०१६), फारसी, ८४ मिनिटे. १९८८ चे तेहरान, शहरावर इराकी क्षेपणास्त्रे पडत आहेत. राजकीय सहभागामुळे वैद्यकीय शिक्षण बंद पडलेली एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन फ्लॅटमध्ये आहे, डॉक्टर नवरा युद्धआघाडीवर गेला आहे. घरातल्या घरात व्हिडिओ कॅसेट लावून ती व्यायाम करते आणि तो व्हिसीआर मात्र लपवून ठेवावा लागतो. भूत यायला वेळ लागतो. तोवर युद्धाची भीती पुरते. रक्तपात नगण्य, दचकवणारे क्षण थोडे पण अचूक. लहान मूल संकटात आहे, ते सहन होत नसेल तर टाळावा.’ बोलून दाखवायला मिनिटभर लागते.

मतभेद झाला तर

सुचवलेला चित्रपट आवडला नाही असे कोणी सांगितले, तर ‘तुला कळला नाही’ हे उत्तर कधीही देऊ नये. कंटाळा कुठे आला, फोन हातात कधी घेतला, हे विचारावे. तो क्षण बहुधा नेमका सांगता येतो आणि दोघांच्या आवडीतला फरक तिथेच सापडतो. जॉन कारपेंटर यांचा ‘द थिंग’ जून १९८२ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याला किळसवाणा ठरवला आणि तिकीट खिडकीवरही तो पडला. आज भयपटांच्या चाहत्यांत त्याला मोठा मान आहे. ‘तुंबाड’ही पहिल्या खेपेला मर्यादितच चालला आणि सप्टेंबर २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. म्हणून आपल्या नोंदीवर तारीख घालावी. काही वर्षांनी चित्रपट पुन्हा पाहिल्यावर मत बदलले, तर जुने खोडू नये, त्याखाली नवे लिहावे. ज्याला तो सुचवला होता त्याचे मतही तिथेच टिपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी त्या माणसाने विचारले की कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागत नाही.