चित्रातला साधू कोणत्या पंथाचा, हे कसे ओळखावे

१९व्या शतकात पाटणा, मुर्शिदाबाद, काशी, तिरुचिरापल्ली इथल्या चित्रकारांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी साधूंची असंख्य चित्रे काढली, काही कागदावर, काही अभ्रकावर. चित्राखालच्या मजकुरावर आधी विसंबू नका. इंग्रजी मथळ्यांत हिंदू बैरागीही सर्रास ‘फकीर’ होतो. आधी चित्र वाचा, मथळा शेवटी.

सुरुवात कानांपासून करा. कानाच्या मधल्या कूर्चेत जाड कुंडल असेल तर तो कानफाटा नाथपंथी. पाळीतल्या बाळीवरून मात्र काहीच ठरत नाही. खात्रीसाठी गळ्यातली शैली (लोकरीचा दोरा) आणि तिला अडकवलेली शिंगी (शिंगाची छोटी शिट्टी) शोधा.

मग कपाळ, दहापट भिंगाखाली. भस्माचे तीन आडवे पट्टे म्हणजे शैव. उभा गंध म्हणजे वैष्णव. दोन पांढऱ्या रेघांमध्ये लाल रेघ असेल तर रामानंदी (रामानंदांचे रामभक्त) किंवा श्रीवैष्णव (रामानुजांचे अनुयायी). दक्षिणेतल्या चित्रात पांढरा गंध नाकावर उतरला असेल तर तेंगलै, भुवयांमध्येच वळला असेल तर वडगलै, या श्रीवैष्णवांच्याच दोन शाखा. मधली रेघ काळी दिसली की माध्व, म्हणजे मध्वाचार्यांचा अनुयायी, म्हणायचा मोह होतो. तिथे थांबा! शिसाचा सफेदा, म्हणजे शिसापासून केलेला पांढरा रंग, हवेतल्या गंधकाने काळा पडतो, त्यामुळे मुळातला पांढरा गंधही आज काळा दिसू शकतो. त्याच चित्रातले धोतर, दाढी, डोळ्यांतला पांढरा पाहा. तेही डागाळले असतील तर दोष रंगाचा.

माळ जपून वाचा. रुद्राक्षाचे मणी मोठे व खडबडीत, तुळशीचे बारीक. पण घाईत काढलेल्या संचांत दोन्ही नुसते ठिपके असतात, म्हणून केवळ माळेवरून निर्णय नको. हातातला दंड दंडी संन्याशाचा, कवटीचे पात्र अघोऱ्याचे. वर धरून वाळलेला हात आणि वाढलेली नखे दिसली तर तो ऊर्ध्वबाहू, पण हे व्रताचे नाव, पंथाचे नव्हे. पंथ पुन्हा कपाळावरच शोधावा लागतो.

काळासाठी कागद उजेडासमोर धरा. ‘व्हॉटमन’ या इंग्रज कागद कारखान्याच्या जलचिन्हात साल असेल तर चित्र त्याआधीचे नाही, एवढेच ठरते, कागद वर्षानुवर्षे पडून राहून मग वापरला गेलेला असू शकतो.

अभ्रकाचे चित्र मात्र उभे धरू नका. त्याचे पापुद्रे सुटतात आणि गुळगुळीत पृष्ठावर धड न चिकटलेला रंग खवल्यांनी गळतो. खाली ताठ पुठ्ठा ठेवून आडवेच हलवा. चिकटपट्टी कधीही लावू नका, काढताना ती वरचा थर सोलून नेते.