टॉर्शन बारवर खूण करा, पण पंच बाजूला ठेवा

माझी मॉरिस मायनर १९५८ ची. पुढे गुंडाळीची स्प्रिंग नाही. दोन्ही बाजूंना चॅसिसच्या कडेने मागे जाणारा एकेक लांब पोलादी दांडा आहे आणि चाक वर गेलं की त्याला पीळ बसतो. हाच टॉर्शन बार, स्प्रिंगचं काम तोच करतो. अ‍ॅलेक इसिगोनिसची ही गाडी १९४८ मध्ये आली तेव्हापासून रचना हीच. जुन्या अँबॅसेडरलाही पुढे टॉर्शन बारच होते, म्हणून सरकारी अँबॅसेडर सांभाळलेले एखादे मिस्त्री तुमच्या गावात असतील, तर बार काढायच्या पहिल्या दिवशी त्यांना स्टूल देऊन शेजारी बसवा. हात तुमचेच चालू द्या. जो उस्ताद पाना हातातून काढून घेतो त्याच्याकडे काही शिकता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

गाडी स्टँडवर, चाक काढलेलं, जॅक खालच्या आर्मखाली, म्हणजे चाकाला धरून वर-खाली हलणाऱ्या दांडीखाली. इथवर सांगायची गरज नाही. वरचा ट्रनियन (चाकाचा भाग वरून धरणारा फिरता सांधा) डँपरच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागाच्या, आर्मपासून सुटला की त्या बाजूचा सगळा जोर एकट्या जॅकवर येतो. तेव्हा जॅक सरकला तर हाड मोडेल. आर्मच्या वाटेत हात, गुडघा, डोकं काही नको. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तारेने वर बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. मग जॅक अगदी सावकाश उतरवा. आर्म हाताने सहज हलला की पीळ उतरला. त्यानंतर घाबरण्यासारखं काही उरत नाही, खरंच.

आता माझी चूक. सगळे सांगतात, दोन्ही बार दिसायला सारखे, म्हणून काढण्याआधी खूण करा. मी केली. सेंटर पंच, म्हणजे ठोकून धातूवर ठिपका पाडायचं टोकदार हत्यार, घेतला, डाव्या बारवर मधोमध एक ठिपका मारला आणि उजव्यावर दोन. काम नीट झालं, गाडी छान बसली. आठ महिन्यांनी पेट्रोल पंपावरून हळू बाहेर पडताना खालून धाडकन आवाज आला आणि डावा कोपरा खाली बसला. बार तिरका, पिळवटून तुटला होता. तोंड पुसून उजेडात धरलं, तर कडेला नखाएवढा काळपट अर्धचंद्र आणि बाकी सगळं चकचकीत, दाणेदार. त्या अर्धचंद्राच्या बरोबर मध्यावर माझा पंचाचा ठिपका.

दांड्याला पीळ बसतो तेव्हा सर्वांत जास्त ताण त्याच्या पृष्ठभागावर असतो, गाभ्यात जवळजवळ नसतोच. त्यामुळे पृष्ठभागावरचा बारीकसा खड्डासुद्धा चिरेची सुरुवात ठरतो. प्रत्येक खड्ड्यागणिक, प्रत्येक गतिरोधकागणिक ती चीर केसभर पुढे सरकत राहते. वरून काही दिसत नाही. पंच, करवत, कानस, पाईप पान्याचे दात, बारवर आपटलेली छन्नी, सगळ्यांचा परिणाम एकच. रंगाचा टवका उडाला तर तिथे गंजाची खळी पडते, तीही तेच करते. पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी वाचा: बारच्या अंगावर धातूने काहीही करायचं नाही.

खूण पांढऱ्या ऑइल पेंटने करा. बारचं मागचं टोक धरून ठेवणारा लिव्हर आणि बार यांच्यावरून एक सलग रेघ ओढा, पुढे आर्मपाशी तशीच दुसरी. स्प्लाइनचा, म्हणजे बारच्या टोकावरच्या दात्यांचा, एक दात जरी चुकला तरी गाडीची उंची बदलते, ती या रेघांनी सांभाळली जाते. शिवाय उजव्या बारला लाल चिंधी बांधा. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवरून धरायचं, बंपरसमोर उभं राहिलं की ते उलटं होतं. आणि बाजू बदलून चालतच नाही. बारला एकाच दिशेच्या पिळाची सवय लागलेली असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या पोलादाला अक्षरशः लागू आहे. उलट्या बाजूला लावलात तर बार ढिला पडून गाडी खाली बसते किंवा बार लवकर तुटतो.

स्प्लाइन गंजून अडकले असतील तर गॅस लावून लाल करणारे भेटतील. त्यांना तुमच्या गाडीला हात लावू देऊ नका. आच लागली की स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी लिव्हरवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. माझा दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला. मी रडकुंडीला आलो होतो, पण सुटला. उजवी बाजू पुढे दीड तासात झाली. तुमचीही पहिली बाजू अख्खा दिवस खाईल, त्यात तुमचं काही चुकत नसतं.

बसवल्यावर लगेच उंची मोजू नका. गाडी जमिनीवर घ्या, पाच-सात किलोमीटर फिरवा, सपाट फरशीवर उभी करा आणि मग टेप लावा. फरक दिसला तर आधी मागच्या लिव्हरचं भोक बदलून बघा, स्प्लाइन त्यानंतर.