सुटकेची साधने घेण्याआधी आपला जिना मोजा : कार्यालयासाठी निवड कशी करावी

आग लागल्यास किंवा धूर भरल्यास कार्यालय रिकामे करण्यासाठी साधने घ्यायची ठरली, की पुण्यातील बहुतेक कार्यालयांत पहिला फोन विक्रेत्याला जातो. तो दोरीची शिडी, दोन टॉर्च, चार हेल्मेट आणि एक लाल पेटी असा तयार संच सुचवतो. पर्चेस विभाग रिवाजाप्रमाणे तीन कोटेशन मागवतो, सर्वांत कमी दर मंजूर होतो आणि ती पेटी स्टोअररूममध्ये स्टेशनरीच्या खोक्यांमागे जाऊन पडते. खराडीपासून हिंजवडीपर्यंत हाच क्रम पाहून झाल्यामुळे या खरेदीची सुरुवात कॅटलॉगपासून करूच नये, हातात मोजपट्टी घेऊन जिन्यापासून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. अग्निशामक सिलिंडर, स्प्रिंकलर आणि अलार्म तुमच्याकडे आहेत व चालू आहेत, असे मी येथे गृहीत धरतो.

‘जागा भाड्याची आहे, मालक बघेल’ हे उत्तरही आधीच बाजूला ठेवावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा मालकाइतकाच भोगवटादारालाही जबाबदार धरतो. आपली इमारत पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि एमआयडीसी यांपैकी कोणाच्या अग्निशमन विभागाकडे येते, हे एकदा विचारून लिहून ठेवावे. हिंजवडी आणि बाणेर यांच्यातले अंतर थोडे असले तरी दोन्हीकडचे अग्निशमन विभाग वेगळे आहेत.

१. मदत कोणाला लागेल, याची यादी करा

‘आमच्याकडे व्हीलचेअर वापरणारे कोणी नाही, म्हणून आम्हाला जिन्यावरून उतरवणारी खुर्ची नको’ हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्यावर वाद घालत नाही, फक्त त्या मजल्यावरच्या लोकांशी बोलायला सांगतो. दुचाकीवरून पडून पायाला प्लास्टर घातलेला एक तरी माणूस या शहरातल्या मोठ्या कार्यालयात बहुधा सापडतोच. त्याशिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण असतात, आणि आठ मजले उतरताना यांपैकी कोणीही मध्येच बसू शकते. ही माहिती खासगीत विचारावी, तिचा तक्ता भिंतीवर लावू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांग व्यक्तींना इतरांइतकेच संरक्षण मिळणे हा त्यांचा हक्क आहे, तेव्हा एका माणसासाठीसुद्धा केलेली खरेदी ही मेहेरबानी ठरत नाही. रात्रपाळीची यादी वेगळी करावी, कारण त्या वेळी मदत करणारे हात निम्म्याहून कमी असतात.

२. वाट मोकळी करा

यासाठी फारसे काही विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच कदाचित हे राहून जाते. मे २०१९ मध्ये उरुळी देवाची येथील साडीच्या दुकानाला पहाटे आग लागली तेव्हा आत झोपलेले ५ कामगार मृत्युमुखी पडले. दार बाहेरून बंद होते. चोरीच्या भीतीने फायर एक्झिटला कुलूप लावायचे असेल तर त्याऐवजी पॅनिक बार बसवावा, जो बाहेरून उघडत नाही पण आतून अंगाचा भार पडताच उघडतो.

३. दिवे आणि फलक

आपत्कालीन दिवे वीज गेल्यावर किमान दीड तास चालणारे घ्यावेत. अंधारात चमकणारे फलक आधी उजेड शोषून घेतात आणि मग तो सोडतात, त्यामुळे वीज वाचवण्यासाठी सेन्सरचे दिवे बसवलेल्या आणि दिवसभर काळोखात असलेल्या जिन्यात ते लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. अशा जिन्यात बॅटरीवर चालणारे फलकच हवेत.

४. जिन्यावरून उतरवणारी खुर्ची

बाजारात हिला इव्हॅक्युएशन चेअर म्हणतात, आणि सर्वांत जास्त चुकीचे सल्ले हिच्याबाबतीतच मिळतात. मीही येथे बराच काळ अडखळत होतो, कारण माहितीपत्रकात प्रत्येक खुर्ची प्रत्येक जिन्यावर चालते.

तिची रचना साधी आहे. खुर्चीच्या मागे रबराचे दोन पट्टे असतात. माणसाला बसवून त्याच्या अंगाभोवतीच्या पट्ट्या बांधल्यावर खुर्ची थोडी मागे कलती करायची, म्हणजे पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात आणि बसलेल्याच्या वजनामुळेच घर्षण वाढून वेग आटोक्यात राहतो. चालवणारा मागे, म्हणजे वरच्या बाजूला असतो आणि बसलेल्याचे तोंड उतरणीकडे असते. मोटर नसते, उचलणे नसते. ही सारी किमया पट्टा एका वेळी किमान दोन पायऱ्यांच्या कडांना टेकण्यावर अवलंबून आहे, आणि नेमकी हीच गोष्ट जिन्यागणिक बदलते.

म्हणून आधी एका पायरीची उंची आणि रुंदी मोजावी. उंची १५० मिलिमीटर आणि रुंदी ३०० असेल, जशी नव्या व्यापारी इमारतींत असते, तर जिन्याचा उतार सुमारे २७ अंशांचा येतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत उंची २०० आणि रुंदी २३० निघाली तर तो ४१ अंशांवर जातो. प्रत्येक खुर्चीला चालणाऱ्या उताराची मर्यादा ठरलेली असते आणि ती विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. फार सपाट जिन्यावर खुर्ची अडून ढकलावी लागते आणि फार उभ्या जिन्यावर ती चालवणाऱ्याला ओढू लागते. पेठांमधल्या जिन्यांना वळणावर तिकोनी पायऱ्या असतात. तेथे पट्ट्याची खुर्ची घेऊच नये, कारण दोन्ही पट्टे एकदम टेकत नाहीत आणि खुर्ची एका अंगावर कलंडते. तेथे हातांनी उचलायची खुर्ची, तीही किमान दोन आणि शक्यतो चार धडधाकट माणसांसह, एवढाच पर्याय उरतो.

त्यानंतर पायरीची कड पाहावी. गुळगुळीत ग्रॅनाइटची गोल घासलेली कड दिसायला देखणी असते पण पट्ट्याला पकड देत नाही, आणि कडेवर बसवलेली पितळी पट्टी एका टोकाला जरी उचकटलेली असली तरी पट्टा तिच्यात अडकून खुर्चीला हिसका बसतो. असा हिसका एका चाचणीत मी पाहिला आहे. खुर्चीत माणसाऐवजी वाळूची पोती होती म्हणून निभावले. फायर एक्झिटचा जिना इमारतीच्या बाहेरच्या अंगाला असेल तर चाचणी जिना ओला करून घ्यावी, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो ओलाच असणार आहे.

लँडिंगवर खुर्चीचा भार पट्ट्यांवरून चाकांवर येतो आणि तेथे ती वळवावी लागते. खुर्चीची लांबी, चालवणाऱ्याचे पाऊल आणि बसलेल्याचे पुढे आलेले पाय या तिन्हींची जागा मोजावी. शिवाय मजल्याचे दार लँडिंगवर उघडत असेल तर ते उघडे असताना मोजावे. खुर्ची साधारण अर्धा मीटर रुंद असते, त्यामुळे दीड मीटरच्या जिन्यावर शेजारून लोक उतरू शकतात, पण एक मीटरच्या जिन्यावर ती मागच्या सर्वांची वाट अडवते. अशा जिन्यात खुर्ची गर्दीच्या मागून निघेल आणि तोवर मदतनीस त्या व्यक्तीसोबत धुरापासून सुरक्षित जागी थांबेल, हे आधीच ठरवून त्या व्यक्तीलाही सांगावे.

तळघराचा विचार तर कोणीच करत नाही. प्रशिक्षणकक्ष, जिम किंवा कॅन्टीन तळघरात असेल तर तेथून माणसाला वर आणायचे असते, आणि पट्ट्याची साधी खुर्ची फक्त खाली उतरते. तेथे बॅटरीवर चढणारी किंवा हातांनी उचलायची खुर्ची लागेल. दोन्ही परवडत नसतील तर ते कामच तळमजल्यावर हलवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

खुर्ची कोण चालवणार, हे ठरवल्याशिवाय मॉडेल ठरवू नये. १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अशा खुर्च्या घेतल्या गेल्या होत्या, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी ६९ व्या मजल्यावरच्या एका दिव्यांग कर्मचाऱ्याला त्यातल्याच एका खुर्चीवरून त्याच्या सहकाऱ्यांनी खाली आणले. तुमच्याकडेही अग्निशमन दलाची गाडी वाहतुकीतून वाट काढत येईपर्यंत हात लावणारे सहकारीच असतील. विक्रेत्याचा तरबेज मुलगा प्रात्यक्षिकात एका हाताने खुर्ची उतरवून दाखवतो. त्याला बाजूला बसवावे आणि खुर्ची रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाच्या किंवा हाउसकीपिंगच्या मावशींच्या हाती द्यावी. प्रथम वाळूची पोती घट्ट बांधून, मग तयार असलेल्या सहकाऱ्याला बसवून, वरच्या मजल्यापासून तळापर्यंत संपूर्ण उतरावे. अर्धा जिना उतरून टाळ्या वाजवणाऱ्या प्रात्यक्षिकाला काही अर्थ नाही, कारण हात भरून येतात ते तिसऱ्या-चौथ्या मजल्यानंतर.

जी व्यक्ती तीत बसणार आहे तिचे मत अखेरचे मानावे. व्हीलचेअरवरून या खुर्चीत कसे घ्यायचे, हात कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही, मानेला आधार लागतो का, हे तिच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. ज्यांना बसताच येत नाही त्यांच्यासाठी गुंडाळून ओढायची शीट घ्यावी. संख्या इमारतीमागे एक अशी न ठरवता यादीतल्या माणसांचे मजले आणि जिने पाहून ठरवावी.

५. धुराचे हूड

मोठ्या मजल्यांवर मार्शलसाठी, म्हणजे मजला रिकामा करून घेण्यासाठी नेमलेल्या सहकाऱ्यांसाठी, घ्यावेत. एन-९५ मास्क कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, ओला रुमालही अडवत नाही. त्यासाठी तो वायू निष्प्रभ करणारे फिल्टर असलेला, डोक्यासकट झाकणारा हूडच लागतो. तो साधारण १५ मिनिटांसाठी असतो आणि प्राणवायू पुरवत नाही, त्यामुळे तो घालून आत सामान आणायला जाणाऱ्याला मार्शल नेमू नये. पाकिटावरची मुदत पाहून घ्यावा, आणि सरावासाठी एक वेगळा मागून घ्यावा, कारण सीलबंद पाकीट फोडले की तो हूड गेला.

६. मार्शलचे सामान

चमकणारे जॅकेट, शिट्टी, टॉर्च, हातातला भोंगा आणि त्या दिवशीच्या हजेरीची छापील प्रत. वीज आणि वायफाय गेल्यावर ॲपमधली हजेरी दिसत नाही.

७. काय घेऊ नये

काचेच्या बंद दर्शनी भिंती असलेल्या इमारतीत दोरीची शिडी घेऊ नये. ती टांगायला खिडकीच उघडत नाही, आणि उघडलीच तर पाचव्या मजल्यावरून तिच्यावर पाय ठेवणारा सहकारी मला अजून भेटायचा आहे. हेल्मेटांवर खर्च करण्याऐवजी तेच पैसे खुर्चीच्या प्रशिक्षणावर घालावेत.

८. पर्चेस ऑर्डर आणि जागा

आमच्या जिन्यावर, आमच्या माणसांच्या हातून चाचणी यशस्वी झाल्यावरच रक्कम देय होईल, ही अट ऑर्डरमध्ये घालावी. तिच्यासोबत प्रत्येक पाळीतील माणसांचे प्रशिक्षण, दरवर्षीचा फेरसराव आणि पट्टे बदलून देण्याचा दर एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) आधीच लिहून घ्यावा. पट्ट्यांचे दर नंतर विचारले की ते हमखास वाढलेले असतात.

खुर्ची लागणार आहे त्याच मजल्यावर, जिन्याच्या दाराशेजारी भिंतीवर टांगावी. कुलपाच्या कपाटात नको, रिसेप्शनच्या मागे नको, आणि एप्रिल-मेचे ऊन थेट पडते त्या खिडकीपाशीही नको, कारण उन्हाने रबर कडक होते. परवानाधारक एजन्सी दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातील, म्हणजे आगीपासून संरक्षणाची यंत्रणा चालू असल्याच्या, प्रमाणपत्रासाठी येते. त्याच आठवड्यात खुर्ची खाली काढून पट्टे, अंगाभोवतीच्या पट्ट्यांचे हूक आणि चाके पाहावीत, एक मजला उतरवून बघावी आणि तारीख तिच्या कव्हरला बांधलेल्या कार्डावर लिहावी.