ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे छायाचित्रण कसे करावे

ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) साधारणपणे हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत मुक्कामाला असतात. या काळात त्यांचे चांगले छायाचित्र मिळणे महागड्या लेन्सपेक्षा भरती-ओहोटीच्या हिशेबावर अधिक अवलंबून असते. ओहोटीला चिखल उघडा पडला की थवे चरत चरत दूरवर जातात. पाणी चढू लागले की तेच थवे किनाऱ्याकडे सरकतात आणि पूर्ण भरतीला त्यांतले बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या सुमारे दोन तास आधी जागेवर असावे.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत इथे फार उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की अंदाजे वेळ मिळते: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून खाडी पश्चिमेला असल्याने सकाळचे ऊन आपल्या पाठीशी राहते, आणि त्यामुळे या तीन तिथींच्या सकाळी पक्षी व प्रकाश दोन्ही साधतात. नेमक्या वेळेसाठी भरतीचे वेळापत्रक मात्र पाहावेच. सायंकाळी सूर्य समोर येतो आणि काळ्या आकृतीच मिळतात. तशी छायाचित्रे सर्वांकडेच पुष्कळ असतात.

जागेवर पोहोचल्यावर पक्ष्यांकडे चालत जाऊ नये, खाली बसून त्यांना येऊ द्यावे. चरणाऱ्या रोहिताची मान खाली आणि चोच उलटी पाण्यात असते. थव्यातील बऱ्याच माना एकदम ताठ झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. उडवण्यासाठी टाळ्या वाजवणारे लोक आढळतात. त्यांना स्पष्ट शब्दांत रोखावे. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून, पाण्यावर धावत रोहित उडतो, त्यामुळे वारा आपल्या पाठीवर असेल तर तो समोरून येताना टिपता येतो. त्यासाठी शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे. काळ्या चिखलासमोर फिकट पक्षी पांढरा फटक पडतो, म्हणून एक्स्पोजर थोडे उतरवावे.

२०१५ मध्ये खाडीचा मोठा भाग अभयारण्य घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता) मिळाला, त्यामुळे परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. ऐरोलीहून बोटीने जायचे असल्यास तिची वेळही भरतीवरच ठरते.

छायाचित्र इतरांना दाखवताना जात, दिनांक आणि भरतीची स्थिती लिहावी. छोटा रोहित आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती आहेत. छोट्या रोहिताची चोच गडद किरमिजी, दुरून जवळजवळ काळी दिसते. मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी असून फक्त टोक काळे असते. राखाडी-तपकिरी पक्षी ही वेगळी जात नसून पिल्ले असतात. संगणकावर गुलाबी रंग चढवण्याचा मोह आवरावा, कारण पिसांचा रंग खाद्यातून येतो आणि वयानुसार बदलतो; रंग चढवला की वयाचा हा पुरावाच पुसला जातो. पायात अभ्यासकांनी घातलेले ओळखीचे कडे दिसल्यास त्यावरील अक्षरे वाचता येतील असे छायाचित्र घ्यावे आणि ते ठिकाण व वेळेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे.