राशिमेघ: ढग कसा ओळखावा, शब्द कसा वापरावा

मे महिन्यात दुपारी दीड-दोनच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहा. सकाळी निरभ्र असलेल्या आभाळात पांढरेशुभ्र, फुगीर ढग सुटेसुटे तरंगताना दिसतील. 'कापसासारखे ढग' म्हणून आपण मोकळे होतो. पण पिंजलेला कापूस खरा शोभतो तो खूप उंचावरच्या, धाग्याधाग्यांच्या तंतुमेघाला. या गुबगुबीत ढगाचं मराठी नाव आहे राशिमेघ, आणि ते रोजच्या बोलण्यात यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी शब्द फोडा

राशी म्हणजे ढीग. लंडनचे हौशी हवामान निरीक्षक ल्यूक हॉवर्ड यांनी 1802 मध्ये ढगांना लॅटिन नावं सुचवली. त्यात या ढगाचं नाव 'क्युम्युलस', आणि त्याचाही अर्थ ढीगच. मेष-वृषभ राशींशी या नावाचा काही संबंध नाही.

सोलापूरकरांना हा शब्द परका वाटू नये. मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारीची मळणी म्हणजेच 'रास'. 'तुमची रास झाली का?' असंच विचारतात. लहानपणी मामांच्या खळ्यावर मी ती रास तासन्‌तास बघायचो. बुडाशी सपाट, वर फुगत गेलेली, वरून दाणे पडतील तशी उंच होणारी. तलावावरचा ढग नेमका तसाच असतो.

मग बूड बघा

ओळखीची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे हे सपाट बूड. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी थंड होत जाते. ठरावीक उंचीला पोचली की तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. आसपासच्या सगळ्या ढगांसाठी ती उंची जवळपास एकच, म्हणून सगळ्यांची बुडं एका रेषेत कापल्यासारखी दिसतात.

ही उंची घरबसल्याही काढता येते. तापमानातून दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरू लागतं ते) वजा करा आणि 125 ने गुणा. तापमान 38 आणि दवबिंदू 20 असेल, तर बूड अंदाजे 2250 मीटरवर. हवा जितकी कोरडी तितकं बूड वर.

शंका आली तर बोटं लावा

हात ताठ करून तीन बोटं ढगासमोर धरा. ढगाचे पुंजके बोटांआड सहज लपतील इतके लहान असतील, तर बहुधा ते उंचावरचे मध्यराशी मेघ आहेत. क्षितिजाजवळच्या ढगांवर हा उपाय करू नका, तिथं सगळंच लहान दिसतं.

डोक्यावर लक्ष ठेवा

राशिमेघाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव असतो. उंचीपेक्षा रुंदी जास्त असेल तोवर पावसाची आशा नको. मनोरा चढू लागला की वळवाची शक्यता. आणि माथ्याची कड विसकटून ऐरणीसारखी पसरली, की तो राशिमेघ राहिला नाही, गर्जन्मेघ झाला. मग झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.

पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात अशा वर चढणाऱ्या ढगांचं मोल मोठं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानातून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, ते अशाच ढगांवर.

शेवटी वाक्यात वापरा

एकटा 'राशी' दीर्घ, पण समासात 'शि' ऱ्हस्व: राशिमेघ, जसं राशिभविष्य. अनेकवचनही तेच: एक राशिमेघ, चार राशिमेघ.

'दिवसभर राशिमेघांची झड लागली' हे चूक. झड लागते ती आभाळभर पसरलेल्या करड्या वर्षास्तर मेघांतून. राशिमेघाचा पाऊस सरीचा. 'दुपारी राशिमेघ जमले, चारपर्यंत त्यांचे मनोरे झाले' हे बरोबर. आणि शेतावर म्हाताऱ्या माणसांशी बोलताना समास सोडून द्या. 'ढगांच्या राशी लागल्यात, आबा' एवढं म्हटलं तरी त्यांना सगळं कळतं.