आवडीप्रमाणे वस्तू घडवताना: बडोद्यातून नवशिक्या डिझायनरांसाठी

बडोद्यात मी गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे झोपाळे आणि बैठकीचं फर्निचर डिझाइन करून देते. हाताखाली येणारी नवी मुलं सगळ्यात आधी प्रश्नावली तयार करतात. "कोणता रंग आवडतो?" असं विचारलं की लोक काहीतरी सांगून मोकळे होतात आणि तयार वस्तू बघून म्हणतात, "असं नव्हतं हो मनात!"

त्यापेक्षा निवड करायला लावा. एका कार्डावर पितळी कड्या, जास्त किंमत, दोन महिने थांबायचं. दुसऱ्यावर लोखंडी कड्या, कमी किंमत, पंधरा दिवसांत घरपोच. माणूस काय सोडायला तयार होतो, त्यावरून त्याची आवड कळते. याला कॉन्जॉइंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकी प्राध्यापक पॉल ग्रीन यांनी ते मार्केटिंगमध्ये रुजवलं. मोठ्या कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर वापरतात, आपलं चार-सहा कार्डांवर भागतं.

आणि घरी जाऊन बघाच. दांडिया बाजारातल्या एका काकूंना 'मोठा' झोपाळा हवा होता. आम्ही लांबी वाढवायच्या बेतात होतो. घरी गेल्यावर कळलं, त्या झोपाळ्यावर मांडी घालून भाजी निवडतात. त्यांना हवी होती रुंदी! फोनवर हे कधीच कळलं नसतं.

काही गोष्टी तर कुणी मागतच नाही. झोपाळा करकरू नये, हे कोण सांगायला बसलंय? पण तो करकरला तर सगळं कोरीवकाम वाया. जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गरजांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात अशा गृहीत गरजांना वेगळं स्थान आहे.

आता पैशांचं. सगळंच बदलून द्यायला निघालात तर धंदा बुडेल. आपल्याजवळच्या संखेडा गावातलं फर्निचरचं काम बघून या: सागवानाचे पाय आणि दांडे लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, उतरतात, लाखेचा रंग नंतर चढतो. म्हणून घडण ठरलेली ठेवा, रंग शेवटी ठरवा. बेनेटन या इटालियन कपड्यांच्या कंपनीने हेच केलं. स्वेटर बिनरंगी विणून ठेवायचे आणि मागणी कळली की रंगवायचे. रुंदीची मात्र आम्ही तीनच मापं ठेवली आहेत. चौथं हवं असेल तर वेगळा दर, आणि तो आधीच सांगायचा.

रंगाची पट्टी गिऱ्हाइकाच्याच बैठकीत दाखवा, दिवसा एकदा आणि रात्री ट्यूबलाइटखाली एकदा. पसंत पडली की तिच्या मागे सही घ्या. रंगारी त्यानंतरच हात लावेल.